कनूवरच्या मुक्कामी सहलीसाठी पाणी न शिरणाऱ्या पिशव्या कशा निवडाव्यात?

केतकीबन | १२ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही गेली ६ वर्षे टोरोंटोजवळ मिसिसागा येथे राहतो. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑन्टारिओतील अल्गॉन्क्विन प्रांतीय उद्यानात कनूने (वल्ह्याने चालवायच्या लांबट, हलक्या होडीने) चार दिवस, तीन रात्रींची सहल करायचे आम्ही ठरवले आहे. मी, माझे पती आणि आमची ९ वर्षांची मुलगी एका होडीत असू, तर दुसऱ्या होडीत एक मित्र दांपत्य असेल. ‘कनू लेक’ या तळ्यावरून निघून २९५ मीटरच्या पोर्टेजने ‘जो लेक’मध्ये उतरायचे आणि पुढे पाण्यानेच ‘टॉम थॉमसन लेक’पर्यंत जायचे, असा बेत आहे. (ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: दोन तळ्यांच्या मधली, होडी आणि सामान खांद्यावरून वाहून नेण्याची पायवाट म्हणजे पोर्टेज.)

होडी भाड्याने मिळणार आहे, तंबू घरात आहे, परंतु सामान कोरडे ठेवणाऱ्या पिशव्या घ्यायला गेलो आणि गोंधळ उडाला. दुकानात ५ लिटरपासून ११५ लिटरपर्यंत पिशव्या होत्या. काही ताडपत्रीसारख्या जाड, काही पतंगाच्या कागदासारख्या पातळ. किमतीतही तिप्पट-चौपट फरक होता. माझा मुख्य प्रश्न असा आहे की, सगळ्यांचे सामान मावेल अशी पाठीवर घेण्याची एकच मोठी पिशवी घ्यावी, की प्रत्येकाच्या सामानासाठी लहान-लहान पिशव्या घेऊन त्या साध्या सॅकमध्ये भराव्यात? रात्री पारा ५ अंशांच्या आसपास उतरू शकतो, असे सगळे सांगतात. मुलीची झोपायची पिशवी भिजली तर त्या थंडीत काय करायचे, याचा मला खरोखरच घोर लागला आहे.

उत्तरतळी | १२ ऑगस्ट, रात्री १०:५५

मी मिनियापोलिसला राहतो आणि दर उन्हाळ्यात बाउंडरी वॉटर्समध्ये जातो. ते संरक्षित क्षेत्र मिनेसोटाच्या उत्तर टोकाला कॅनडाच्या सीमेलगत आहे आणि त्यात हजाराहून अधिक तळी आहेत. तेथे पोर्टेजची लांबी अजूनही रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका होडीची लांबी. तुमचे २९५ मीटर म्हणजे आमचे ५९ रॉड. ही वाट लहान आहे, त्यामुळे वजनाची फार चिंता करू नका.

मी मोठ्या पिशवीच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण पाण्यापेक्षा पोर्टेजमध्ये आहे. किनाऱ्याला लागल्यावर होडीतून जितके नग बाहेर काढावे लागतात, तितक्या खेपा वाढतात आणि तितक्याच वस्तू मागे राहण्याचा संभव असतो. हातात सुटी पिशवी नको, प्रत्येक नग पाठीवर जाणारा हवा, हा नियम मी पाळतो. मात्र पिशवी उंच नको, रुंद आणि ठेंगणी हवी. येथील दुलूथ शहरात कॅमिल पॉइरियर यांनी १८८२ साली ज्या कॅनव्हासच्या पिशवीचे पेटंट घेतले, तिचा आकार आजही याच कारणासाठी टिकून आहे. ती होडीच्या काठाखाली बसते, वारा धरत नाही आणि वजन खाली राहते.

सह्यवाट | १३ ऑगस्ट, सकाळी ८:१५ (पुणे)

मी कनूत कधी बसलेलो नाही, पण जुलै महिन्यात सह्याद्रीत भटकण्याचा २० वर्षांचा अनुभव आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे सॅकच्या आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून सगळे सामान तिच्यात भरतात आणि तोंड पिळून रबराने बांधतात. ताम्हिणीच्या पावसात सहा-सहा तास चालूनही आतले कपडे कोरडे निघालेले आहेत. एवढ्या किमतीच्या पिशव्या खरोखरच लागतात का?

उत्तरतळी | १३ ऑगस्ट, सकाळी ९:०२

सह्यवाट, पाऊस वरून पडतो आणि होडीतले पाणी खालून येते, हा फरक लक्षात घ्यावा. वल्ह्यावरून ठिबकणारे, चढता-उतरताना बुटांतून येणारे आणि लाटेबरोबर आत पडणारे पाणी होडीच्या तळाशी साचते आणि पिशवी तासन्‌तास त्या पाण्यात बसून राहते. होडी उलटली तर पिशवी किनाऱ्याला आणेपर्यंत पाण्यावर लोळत राहते. पिळून बांधलेल्या तोंडातून अशा वेळी पाणी झिरपते. तरीही तुमची आतली पिशवी मला मान्य आहे. मी ती बाहेरच्या पिशवीच्या जोडीला वापरतो, तिच्याऐवजी नव्हे.

धागादोरा | १३ ऑगस्ट, सकाळी ११:३०

मी मूळचा इचलकरंजीचा आणि लेप दिलेल्या कापडाच्या व्यवसायात बरीच वर्षे काढली आहेत. त्यामुळे पिशवीपेक्षा कापडाविषयी अधिक खात्रीने बोलू शकेन.

दुकानात पिशवीवर ‘५०० डेनियर’ किंवा ‘७० डेनियर’ असे लिहिलेले असते आणि ग्राहकाला वाटते की आकडा मोठा म्हणजे पाणी कमी शिरणार. तसे नाही. ९००० मीटर सुताचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. त्यावरून सूत किती जाड आहे आणि कापड घासण्या-फाटण्याला किती टिकेल, याचा अंदाज येतो. पाणी अडवतो तो कापडावरचा लेप, आणि पाणी शिरते ते बहुतेक वेळा शिवणीतून किंवा तोंडातून. म्हणून पिशवी हातात घेतल्यावर आकडा वाचण्याआधी ती उलटी करून आतली शिवण पाहावी.

तीन प्रकार ढोबळमानाने ओळखता येतात. पहिला, पॉलिस्टरवर पीव्हीसीचा जाड थर. तो स्वस्त असतो आणि खडकावर ओढला तरी चालतो, पण वजनाला जड असतो आणि थंडीत कडक होतो, त्यामुळे तोंडाची घडी नीट बसत नाही (अशा पिशवीचे तोंड कडक पट्टीवर गुंडाळत नेऊन दोन्ही टोके बक्कलाने जोडतात). सप्टेंबरच्या पहाटे हा त्रास जाणवू शकतो. दुसरा, नायलॉनवर टीपीयूचा, म्हणजे एका लवचीक प्लॅस्टिकचा थर. तो थंडीतही लवचीक राहतो, घडीवर लवकर चिरत नाही आणि महाग असतो. या दोन्ही प्रकारांत शिवणी सुईने न शिवता उष्णतेने किंवा उच्च वारंवारतेच्या विजेने वितळवून जोडता येतात, म्हणजे भोके पडतच नाहीत. तिसरा, तुम्हाला पतंगाच्या कागदासारखा वाटला तो, म्हणजे सिलिकॉनचा किंवा एका बाजूला सिलिकॉन आणि दुसऱ्या बाजूला पॉलियुरेथेन असा लेप दिलेला पातळ नायलॉन. सिलिकॉनला चिकटपट्टी धरत नाही, म्हणून अशी पिशवी शिवून आतल्या पॉलियुरेथेनच्या बाजूने शिवणीवर पट्टी डकवतात. ती पट्टी सुटू लागली की पिशवी संपली. ही पातळ पिशवी दुसऱ्या पिशवीच्या आत ठेवण्यासाठीच बनवलेली आहे. तिला होडीच्या तळाशी उघडी ठेवू नये.

वेलदोडा | १३ ऑगस्ट, दुपारी १:१० (ओटावा)

धागादोरा यांचा प्रतिसाद छापून कपाटावर लावण्यासारखा आहे.

केतकीबन, पिशव्यांच्या चर्चेत जेवण मागे पडू देऊ नका. अल्गॉन्क्विनच्या आतल्या भागात पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या नेण्यास बंदी आहे, त्यामुळे डाळ, तांदूळ, पोहे, मसाले हे सगळे झिपच्या पिशव्यांतूनच जाते आणि एका पिशवीला भोक पडले की सगळ्यात पीठ कालवले जाते. त्यासाठी येथील लोक निळे प्लॅस्टिकचे पिंप वापरतात. ते ३० आणि ६० लिटरमध्ये मिळते. झाकणाला रबरी कडे असते आणि बाहेरून धातूची पट्टी खटक्याने आवळतात. पिंप पाठीवर घेण्यासाठी पट्ट्यांचा वेगळा सांगाडा मिळतो. पाच जणांना तीन रात्रींसाठी ६० लिटरचे एक पिंप पुरते, आणि मुक्कामी त्यावर बसताही येते.

यामागे एक अनुभव आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही शेंगदाण्याची चिक्की एका चांगल्या जाड ड्राय बॅगेत ठेवली होती. दुपारी पोहून आलो तर पिशवीच्या तळाला रुपयाएवढे गोल भोक पडले होते आणि चिपमंक, म्हणजे पट्ट्यांची लहान खार, अगदी शांतपणे बाहेर पडत होती. पाणी अडवणारी पिशवी वास अडवत नाही आणि दातही अडवत नाही.

रापण | १३ ऑगस्ट, सायंकाळी ६:४५ (मालवण)

वेलदोडा यांनी पिंपाविषयी लिहिले ते वाचून बरे वाटले. आमच्याकडे होडीवर जाताना मोबाइल, काडेपेटी, बॅटरी आणि बदलायचे कपडे फिरकीच्या झाकणाच्या रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत ठेवण्याची रीत आहे. झाकणाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे कडे कापून घातले की पाणी शिरत नाही, आणि बरणी समुद्रात पडली तरी बोयासारखी तरंगते. कठीण भांड्याचा मोठा गुण असा की, ते बंद झाले आहे की नाही हे हाताला कळते. पिशवीचे तसे नसते.

उत्तरतळी | १३ ऑगस्ट, रात्री १०:२०

पिंपाविषयी थोडे वेगळे मत नोंदवतो. रिकामे पिंपच पाठीच्या पट्ट्यांसह चार-पाच किलोंचे भरते आणि गोल असल्यामुळे पाठीला रुतते. शिवाय ते घट्ट बंद होते म्हणून अस्वलापासून सुरक्षित आहे, असा पुष्कळांचा समज असतो, तो बरोबर नाही. अस्वल ते उघडू शकते. त्यामुळे पिंप असो वा पिशवी, रात्री ते तंबूपासून दूर नेऊन झाडाच्या फांदीला, खोडापासून अंतर राखून, उंच टांगावेच लागते. ६० लिटरचे भरलेले पिंप टांगताना दोन माणसांच्या नाकी नऊ येतात, म्हणून मी ३० लिटरची दोन घेईन.

वेलदोडा | १३ ऑगस्ट, रात्री १०:४८

टांगण्याविषयी आपले म्हणणे पूर्ण मान्य. ३० लिटरची दोन, हेही मान्य. प्रत्येक होडीत एक ठेवावे.

मोहोरलेला | १४ ऑगस्ट, सकाळी ७:३०

मीही याच विचारात असल्याने विचारतो. काही पिशव्यांवर आयपीएक्स ६, आयपीएक्स ७ असे लिहिलेले असते. त्यावर विसंबावे का?

धागादोरा | १४ ऑगस्ट, सकाळी १०:०५

वस्तूत पाणी कितपत शिरते, याचे हे ठरावीक दर्जे आहेत. शेवटचा ७ म्हणजे ती वस्तू १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे ठेवली तरी नुकसान होईल इतके पाणी आत जात नाही. ६ म्हणजे चहूबाजूंनी पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी चालते. फोनसाठी किंवा झिपच्या पिशवीसाठी हे आकडे उपयोगी आहेत. परंतु तोंड गुंडाळून बंद करण्याच्या पिशवीत निकाल बंद करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो, आणि असा आकडा कारखान्यातल्या हाताचा असतो. अशा पिशव्यांचे बहुतेक उत्पादक स्वतःच सांगतात की, ती क्षणभर बुडली तर चालेल, पाण्याखाली ठेवण्यासाठी ती नाही.

ओलीवाट | १४ ऑगस्ट, रात्री ११:१५

‘बंद करणाऱ्याच्या हातावर’ हे शब्द वाचले आणि लिहायला बसले. हा प्रसंग मी फारसा कोणाला सांगितलेला नाही.

मेच्या अखेरीस आम्ही चौघे उत्तर ऑन्टारिओतल्या एका मोठ्या तळ्यावर होतो. दुपारी वारा वाढला, बाजूने लाट आली आणि आमची होडी किनाऱ्यापासून पन्नास-साठ मीटरवर उलटली. जीवरक्षक जॅकेटे अंगात होती, दुसरी होडी जवळ होती, त्यामुळे माणसे दहा मिनिटांत बाहेर आली. पाणी इतके थंड होते की, बाहेर आल्यावर माझ्या बोटांना बक्कल उघडता येत नव्हते. दोन्ही पिशव्या तरंगत होत्या, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. माझी पिशवी उघडली आणि तिच्यातून तांब्याभर पाणी ओतले. तेवढे पाणी पिसे भरलेल्या झोपायच्या पिशवीने प्यायलेल्या पाण्याच्या वरचे होते. पिसे ओली झाली की त्यांचा गोळा होतो आणि ऊब राहत नाही. ती रात्र मी पतीच्या पिशवीत अर्धी शिरून आणि शेकोटीपाशी बसून काढली.

पिशवी फाटलेली नव्हती. सकाळी मी ती पुन्हा भरून पाहिली तेव्हा उमगले. सकाळच्या घाईत मी तिच्यात एक जाड स्वेटर जास्तीचा कोंबला होता. त्यामुळे तोंडाला तीन वेढे बसण्याऐवजी जेमतेम दीड वेढा बसला होता, आणि कडक पट्टीच्या मधोमध कापडाला एक चुणी राहिली होती. ती चुणी म्हणजे एक नळीच होती. होडीच्या तळाशी पाऊस झेलताना तिने काही दगा दिला नसता, पण पिशवी पाण्यावर लोळू लागली तेव्हा त्या नळीतून पाणी सतत आत जात राहिले.

त्यानंतर मी ५५ लिटर सामानासाठी ७० लिटरची पिशवी घेते. भरताना गुडघ्याने दाबून हवा काढते, तोंडाच्या दोन्ही कडा जुळवते, मधून बाहेरच्या बाजूंकडे तळहाताने चुण्या पुसून काढते, वाळूचा कण किंवा पाइनची सुई अडकलेली नाही हे बोटाने तपासते आणि मगच एकाच दिशेने गुंडाळते. तीन वेढे कमीत कमी, चार झाले तर उत्तम. केतकीबन, मुलीची झोपायची पिशवी तुम्ही स्वतः बंद करा आणि दुसऱ्या कोणाला तरी तपासायला सांगा.

केतकीबन | १५ ऑगस्ट, सकाळी ६:५०

ओलीवाट, तुम्ही हे इतक्या बारकाईने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री मी हे घरी वाचून दाखवले. दुकानात मी पिशवीचे आकारमान सामानाएवढेच धरले होते, म्हणजे तोंडासाठी जागाच ठेवली नव्हती.

आता आमचा विचार असा झाला आहे: बाहेरून रुंद, पाठीवर घेण्याच्या दोन मोठ्या पिशव्या, आत झोपायच्या पिशव्या आणि कपडे यांच्यासाठी पातळ लहान पिशव्या, जेवणासाठी ३० लिटरची दोन पिंपे. तंबू कुठे ठेवावा, हे मात्र ठरत नाही.

सह्यवाट | १५ ऑगस्ट, सकाळी ८:३०

तंबूविषयी मी निःशंकपणे सांगू शकतो, कारण हा अनुभव पावसात आणि पाण्यात सारखाच आहे. तंबू पाणी न शिरणाऱ्या पिशवीत कधीही ठेवू नये. सकाळी तो दवाने ओला असतो, आणि पाणी बाहेर न सोडणाऱ्या पिशवीत तो ओलावा दिवसभर कोंडून बाकीच्या कपड्यांत उतरतो. पाणी आत न येऊ देणारी पिशवी ते बाहेरही जाऊ देत नाही. तंबू साध्या जाळीच्या पिशवीत घालून वेगळा न्यावा.

उत्तरतळी | १५ ऑगस्ट, सकाळी ९:१५

सह्यवाट यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. ओल्या वस्तूंसाठी तंबूबरोबर एक साधी सॅक वेगळी ठेवतो, हे मी लिहायचे राहून गेले होते.

औषधवेल | १५ ऑगस्ट, दुपारी १२:४०

मी परिचारिका आहे, म्हणून औषधांपुरते लिहिते. औषधे, काडेपेटी आणि गाडीची किल्ली या तीन गोष्टी मोठ्या पिशवीच्या पोटात टाकू नयेत. त्यांच्यासाठी रबरी कड्याची छोटी कठीण पेटी घ्यावी आणि ती हाताशी येईल अशा ठिकाणी ठेवावी. रोज घ्यायच्या गोळ्या किंवा मुलीचा इन्हेलर असेल तर त्याचे दोन भाग करून दोन होड्यांत ठेवावेत, म्हणजे एक होडी उलटली तरी औषध पूर्ण जात नाही. गोळ्यांच्या पट्ट्यांबरोबर डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रतही झिपच्या पिशवीत असावी. आणि प्रत्येकाच्या कोरड्या कपड्यांचा एक जोड मोठ्या पिशवीत सर्वांत वर असावा. ओलीवाट यांनी लिहिल्याप्रमाणे गारठलेल्या बोटांना खोल शोधाशोध जमत नाही. तो जोड सुती नसावा, लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा असावा.

मोहोरलेला | १५ ऑगस्ट, दुपारी ३:००

पिशव्या होडीला बांधाव्यात का? दोन ठिकाणी दोन वेगळी मते वाचली.

उत्तरतळी | १५ ऑगस्ट, सायंकाळी ७:२०

दोन्ही मते आपापल्या पाण्यात बरोबर आहेत. खळाळत्या नदीत पिशव्या घट्ट बांधतात, कारण हवा कोंडलेली पिशवी होडीच्या पोटात जागा अडवते, तेवढे पाणी आत मावत नाही आणि होडी तरंगती राहते. हिशेब करून पाहा: ११५ लिटरची बंद पिशवी पूर्ण बुडाली तर ११५ किलो पाणी बाजूला सारते, मग तिच्यात २५ किलो सामान असले तरी ती वर येण्यासाठी जोर लावतच राहते. शांत तळ्यावर मात्र दुसरी होडी मदतीला येते, उलटलेली होडी आपल्या काठावर आडवी ओढून पाणी निथळून घेते. त्या वेळी बांधलेले सामान फार जड जाते. तळ्यावर मी पिशव्या बांधत नाही, फक्त लहान पिशव्या मोठ्या पिशवीच्या पट्ट्यात अडकवतो. मात्र लांब सैल दोर कोठेही ठेवू नये. पाण्यात पाय गुंतण्याचा धोका असतो.

रापण | १५ ऑगस्ट, रात्री ८:१०

सैल दोराविषयीची शेवटची सूचना समुद्रावरही पहिल्या दिवशी शिकवतात.

वेलदोडा | १६ ऑगस्ट, सकाळी १०:३०

एक राहिले. पिशव्यांचे रंग वेगवेगळे घ्या. आमच्याकडे लाल म्हणजे झोपण्याचे, पिवळी म्हणजे कपडे, हिरवी म्हणजे स्वयंपाकाची भांडी. काळी किंवा गडद निळी पिशवी घेऊ नये. संध्याकाळी पाण्यावर ती दिसत नाही आणि आत हात घातला की काही सापडत नाही.

केतकीबन | २४ ऑगस्ट, रात्री ९:००

पिशव्या आणल्या. कोणत्याही पिशवीवर विसंबण्याआधी ती घरी तपासावी असे वाटले, म्हणून धागादोरा यांना विचारते की, याची काही रीत आहे का?

धागादोरा | २५ ऑगस्ट, सकाळी ९:४५

सोपी रीत आहे. पिशवी हवेने भरून तोंड चार वेढे देऊन बंद करा आणि तिच्यावर हाताने हळूहळू भार द्या. भांडी घासण्याचा साबण पाण्यात कालवून तो स्पंजाने सर्व शिवणींवर, तळाच्या कोपऱ्यांवर आणि बक्कलांच्या मुळाशी फिरवा. जेथे बुडबुडा वाढत जाईल तेथे भोक आहे. तोंडाशी अगदी बारीक बुडबुडे आले तर घाबरू नका, वेढे पुन्हा घालून पाहा. दुसरी परीक्षा न्हाणीघरातल्या टबात करा: आत कोरडा टॉवेल ठेवून पिशवी बंद करा आणि पाच मिनिटे पाण्यात उलटी-सुलटी लोळवा. टॉवेलचे कोपरे गालाला लावून पाहावेत. हाताच्या बोटांना बारीक ओल कळत नाही.

केतकीबन | २६ ऑगस्ट, रात्री १०:१०

एका पातळ पिशवीच्या तळाच्या कोपऱ्यात, जेथे तीन शिवणी एकत्र येतात, तेथे मोहरीएवढा बुडबुडा वाढत गेला. पिशवी नवी कोरी होती. दुकानाने ती विनातक्रार बदलून दिली. बाकीच्या सर्व पिशव्यांतले टॉवेल कोरडे निघाले. मुलीने स्वतःची पिशवी स्वतः बंद केली आणि मोठ्याने वेढे मोजले.

केतकीबन | १७ सप्टेंबर, रात्री ८:३५

आम्ही काल परतलो. होडी उलटली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत पाऊस लागला आणि वाटेतल्या ‘लिटल डो लेक’वर होडीच्या तळाशी तीन बोटे पाणी होते. मोठ्या पिशव्या त्या पाण्यात चार तास बसल्या होत्या. मुक्कामी पोचल्यावर मी सर्वांत आधी लाल पिशवी उघडली आणि धागादोरा यांनी सांगितल्याप्रमाणे झोपायची पिशवी गालाला लावून पाहिली. ती पूर्ण कोरडी आणि घरच्या कपाटाच्या वासाची होती. मुलगी त्या रात्री आठला झोपली ती सकाळी सातला उठली.

मूळ प्रश्नाचे आमच्यापुरते उत्तर सांगते. मोठी की लहान, असा पर्याय नव्हताच. मोठी बाहेर आणि लहान आत, असे दोन्ही लागले. पोर्टेजवर मोठ्या पिशव्यांमुळे एकाच फेरीत जवळजवळ सगळे सामान गेले, आणि मुक्कामी लहान पिशव्यांमुळे पावसात सगळे उघडे पडले नाही. दोनच गोष्टी मी पुढच्या वेळी बदलेन. ७० लिटरच्या पिशव्या मला पुरेशा होत्या, आम्ही घेतलेली ११५ लिटरची पिशवी भरल्यावर मला एकटीला उचलता आली नाही. आणि पावसाळी कोट मोठ्या पिशवीच्या तळाशी गेले होते. पाऊस आल्यावर तोंड उघडून ते काढण्यात जे पाणी आत गेले, तेवढेच काय ते चार दिवसांत आत गेले. पावसाळी कोट, दुपारचे खाणे आणि नकाशा यांच्यासाठी १० लिटरची एक वेगळी पिशवी बसण्याच्या जागेजवळ हवी होती.

आता एक शेवटची विचारणा: आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो, अंगण नाही. या मोठ्या पिशव्या आतून वाळवायच्या कशा?

धागादोरा | १८ सप्टेंबर, सकाळी ९:२०

आनंद वाटला. साध्या कोमट पाण्याने आतून-बाहेरून पुसून घ्या आणि तोंड उघडे ठेवून न्हाणीघराच्या पडद्याच्या दांडीला उलट्या टांगा. तोंड उघडे राहावे म्हणून आत कपड्यांचा हँगर आडवा घाला. तळाचे कोपरे सर्वांत शेवटी वाळतात, म्हणून एका दिवसाने पिशवी उलटी करून ते बाहेर काढा. उन्हात बाल्कनीत ठेवू नका. वाळल्यावर घड्या घालून दाबून ठेवू नका, सैल गुंडाळी करा आणि तोंडाचे बक्कल उघडेच ठेवा. पॉलियुरेथेनचा लेप असलेल्या पिशव्या दमट जागी वर्षानुवर्षे बंद राहिल्या तर लेप चिकट होऊन सुटतो. मुंबईच्या माळ्यावर हे मी अनेकदा पाहिले आहे, तुमच्याकडच्या कोरड्या हिवाळ्यात तो त्रास कमी होईल.

केतकीबन | १८ सप्टेंबर, रात्री ७:५०

हँगर घातला आहे. कोपरे उद्या काढते.